गुंडाचा म्हाळ

कुंडलला नाथाजीच्या घरी त्याच्या लेकाचा, गुंडाचा, पहिला म्हाळ होता आणि कावळा काही येत नव्हता. पोरगं पलटणीबरोबर बोटीनं गेलं आणि लढाई संपायच्या जरा आधी इटलीत पडलं. तिकडंच त्याला अग्नी दिला. साळूबाईनं लेकाच्या आवडीचं सगळं रांधलं होतं: ठेचा, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे वडे, भात, खीर. पान कौलावर ठेवलं होतं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, म्हणून पावणी मंडळी अंगणात बसून वर बघत होती.

त्यात साळूबाईचा थोरला भाऊ हंबीरराव होता, पेन्शनीत निघालेला हवालदार. पहिल्या लढाईत तो बसऱ्याला जाऊन आला होता आणि तेवढ्या भांडवलावर जगातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल देत असे. भाच्याला साताऱ्याला नेऊन भरती केलं तेही त्यानंच.

“दाजी, पानात मिरची हाय न्हवं?” तो नाथाजीला म्हणाला. “मिरची समुद्रापल्याडची. बोटीतनं आल्याली. बसऱ्याला आमच्या सायबानं सांगितलंय. पितरांस्नी परमुलखातलं चालत न्हाई. काढा ती.”

नाथाजी शिडीनं वर चढला. त्यानं ठेचा खाली आणला. अंगणातल्या निंबावर येऊन बसलेला एक कावळा तेवढ्यात उडाला.

“बटाटा?” नाथाजीनं विचारलं.

“त्योबी तिकडचाच.”

नाथाजी पुन्हा वर.

“आणि शेंगदाणा?”

“त्योबी.”

“आवं हवालदार, शेंगा तर आपल्या माळावर पिकत्यात!” एक पावणा म्हणाला.

“पिकंनात का. बी आलंय बोटीतनंच.”

“मग तंबाखू?” दुसऱ्या भुकेल्या पावण्यानं विचारलं.

हंबीररावानं दाढेखालचा बार दुसऱ्या गालात सरकवला. “ती काय पानात हाय का?”

माणूस सारखा कौलावर नाचत असला तर कावळा येणार कसा, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पोटात भूक असली की डोकं चालत नाही, आणि नाथाजीचं तर दुःखानंच चालेनासं झालं होतं.

“तांदूळ रेशनचा का?” हंबीररावानं विचारलं. “मग त्योबी बोटीतलाच आसंल.”

नाथाजीनं शिडीला हात घातला, तोच साळूबाई उंबऱ्यातून उठली आणि शिडी धरून उभी राहिली.

“दादा, बोटीनं आल्यालं चालत न्हाई म्हणतोस. मग माझं लेकरू बोटीनं गेलं, ते कसं चाललं तुला?”

हंबीरराव बार थुंकायचंही विसरला. नाथाजीनं काढलेलं सगळं मुकाट्यानं परत वर नेऊन वाढलं. मंडळींनी पुन्हा वाट बघितली. ऊन उतरलं तरी कावळा आला नाही. अखेर घास गाईला घातला आणि सगळे खाली मान घालून जेवले. साळूबाई मात्र जेवेना. तिला वाटत होतं, पोरगं उपाशीच राहिलं.

हंबीरराव तिच्या शेजारी येऊन बसला. “साळू, दोन घास खा.”

“दादा, तिकडं इटलीत कावळं असत्याल का रं?”

हंबीररावानं बसऱ्याच्या पुढचं जग कधी बघितलंच नव्हतं. त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

“हायती की. लय हायती. आपल्यावानीच.”

“मग त्यो तिकडंच जेवला आसंल,” साळूबाई म्हणाली आणि तिनं पान पुढं ओढलं.