वर मानूस हाय

आमच्या सोसायटीत लाईट गेली की कोणी मेणबत्ती शोधतं, कोणी मोबाईल शोधतं आणि बाकीचे शिव्या घालायला सेक्रेटरीला शोधतात. दत्तूकाका मेन स्विच शोधतात. आधी आपल्या घरातला खाली ओढतात, मग जिना चढून प्रत्येकाच्या दारात उभे राहतात. "मेन पाडला का?" लाईट गेलेलीच आहे तर आता काय पाडायचं, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "वर मानूस हाय."

म्हणजे या घटकेला कुठल्यातरी खांबावर एक वायरमन चढलेला आहे, आणि कोणाच्या तरी इन्व्हर्टरमधून, जनरेटरमधून उलटा करंट तारेत गेला तर तो मरेल. हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकणाऱ्याला आपणच खुनी आहोत असं वाटायला लागतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे एक जण तर लाईट गेली की दाराला आतून कडी घालतात.

शिव्या खाणारी सेक्रेटरी म्हणजे मी. कोणी तयार नव्हतं म्हणून मला केलं. सहा वर्षं झाली, अजून कोणी तयार नाही. निर्मळ रस्त्यावर आमची चार मजल्यांची बिल्डिंग, मागे केळीची वाडी, आणि तळमजल्यावर एका खोलीत दत्ताराम म्हात्रे, म्हणजे दत्तूकाका. जन्म कामणकडच्या भातशेतीच्या गावात, सगळी नोकरी वीज खात्यात वायरमन म्हणून. काकू गेल्या आणि मग ते इथे राहायला आले. त्यामुळे काकूंना आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही.

काकांच्या खिशात कायम काहीतरी खुळखुळत असतं. ते फ्यूज असतात. काम करताना फ्यूज काढून नुसते बाजूला ठेवायचे नाहीत, खिशात टाकायचे, म्हणजे कोणी शहाणा येऊन परत बसवणार नाही, ही त्यांची जुनी शिस्त. एकदा पंपाच्या कामाला त्यांनी असेच फ्यूज काढले, काम झालं, आणि काका खिशासकट चिंचोटीला भाच्याकडे बारशाला निघून गेले. दिवसभर बिल्डिंगला पाणी नाही. मी फोनवर ओरडले तर म्हणतात, "फ्यूज माज्याकडं हायत ना? मंग कोन मरनार नाय. निर्धास्त राहा."

लग्नात जेवायला बोलवा, ते आधी मांडवाच्या वायरी बघतील. आमच्या खजिनदारांच्या मुलीच्या रिसेप्शनला त्यांना एक उघडा जोड सापडला. नवरी स्टेजच्या पायऱ्या चढत होती, आणि काकांनी मेन पाडला. नवरी अंधारात अर्ध्या पायरीवर, फोटोग्राफर शिव्या देतोय, आणि काका हातात चिकटपट्टी घेऊन शांतपणे विचारतायत, "कात्री हाय का कोनाकडं?" खजिनदार अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

हे सगळं साध्या दिवसांत. वारा सुटला की मग त्यांचं काही खरं नसतं.

यंदा मे महिन्यात समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. आधी दोन दिवस हवा इतकी कोंदट की पंख्याखाली बसूनही अंगाला चिकचिक. मग वारा सुरू झाला तो थांबेचना. अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्या, गच्चीवरच्या कुरडया बायकांनी चादरीसकट उचलून आत आणल्या, आणि वाडीतल्या केळी एकेक करून लोळायला लागल्या. सोसायटीच्या ग्रुपवर तर दर पाच मिनिटांनी एक वादळ येत होतं. काका सकाळपासून छत्रीच्या दांडीने झाडं मोजत फिरत होते. "ही फांदी जानार. ती पन जानार. तारेवर पडली का संपलं." माझी काळजी मात्र वेगळी होती.

माझ्या सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. मशीन विजेवर चालतं. मदतीला एक सिलिंडर असतो, तो भरायला दिला होता आणि या वाऱ्यात कोणी आणून देईना. म्हणून मी आदल्या दिवशी भाड्याने एक जनरेटर आणला, दोरी ओढून चालू करायचा. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने त्याची वायर सरळ मीटरच्या पेटीत जोडली. असं जोडायचं नसतं हे त्यालाही माहीत होतं. "मॅडम, तात्पुरतं आहे. फक्त लक्षात ठेवा, आधी मेन खाली, मग जनरेटर चालू." मी मान डोलावली आणि जनरेटरवर ताडपत्री टाकून ठेवली. काकांनी बघितला असता तर दोन तास भाषण ऐकावं लागलं असतं, आणि मला तेवढा वेळ नव्हता.

दुपारी तीनच्या सुमाराला वाडीच्या टोकाला काहीतरी मोठ्याने मोडलं आणि लाईट गेली. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणत दहा मिनिटं गेली, वीस गेली. मशीनचा अलार्म कर्कश किंचाळत होता, सासूबाईंचे ओठ निळसर दिसायला लागले होते, आणि तशातही त्या म्हणत होत्या, "धावू नकोस, पडशील." मी धावलेच. खाली जाऊन ताडपत्री फेकली आणि दोरी ओढली. चालू होईना. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढणार तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं.

काका होते. त्यांनी फक्त पेटीकडे बोट केलं. मेन वरच होता. मी तो पाडलाच नव्हता. मग त्यांनी माझा खांदा धरून मला मागच्या फाटकाकडे वळवलं. केळीच्या वाडीपलीकडे खांबावर एक माणूस होता. पिवळी टोपी, कमरेला पट्टा, आणि वाऱ्याने त्याचा शर्ट फडफडत होता.

त्या दिवशी तो जनरेटर दोनदा खोकून बंद पडला, म्हणून मी आज हे लिहायला बसू शकते.

काकांनी मेन पाडला. बाहेरून येणाऱ्या लाईनचे तिन्ही फ्यूज उपटून खिशात टाकले. मग स्वतः एक हिसका दिला, जनरेटर सुरू झाला, आणि ते म्हणाले, "आता म्हातारीकडं जा. आता काय होत नाय." वर गेले तर मशीन सुरू झालं होतं. सासूबाईंचा श्वास नीट होईपर्यंत मी तिथेच जमिनीवर बसून होते. त्यांना जरा बरं वाटल्यावर घडलेलं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग इथे काय बसलीस? त्या खांबावरच्या माणसाकडे बघ जा."

खाली उतरून वाडीपलीकडे गेले तर काका त्या खांबाखाली उभे होते, मिटलेली छत्री काखेत, मान वर करून. वारा त्यांना ढकलत होता, पावसाचे थेंब तिरके येत होते. वायरमनचा जोडीदार लाईन बंद ठेवायला पलीकडच्या टोकाला थांबलेला. खांबाच्या पायाशी पिशवी, आणि पिशवीत फोन वाजत होता. थांबायचा आणि लगेच पुन्हा वाजायचा.

"घरून असेल," वरून तो ओरडला. "घ्या ना काका."

काकांनी फोन घेतला आणि कुठलं तरी भलतंच बटण दाबलं. त्यामुळे पलीकडची बाई मलाही ऐकू यायला लागली. "कुठे आहात? सकाळपासून फोन करतेय. आज सुट्टी टाका म्हटलं होतं की नाही? ऐकायचंच नाही कोणाचं. या घरी, बघते तुम्हाला. जेवायला वाढणार नाही, सांगून ठेवते."

"वयनी," काका म्हणाले, "तो वर हाय. मी खाली हाय."

बाईचा आवाज एकदम उतरला. मग, "तुम्ही कोण?"

"जुना वायरमन. त्याच्यावर नजर हाय माजी. पट्टा लावलाय त्यानं. डोक्याला टोपी हाय."

ती बाई रडायला लागली. शब्द नाहीत, नुसतं रडणं. काकांना काय करावं कळेना. त्यांनी मान वर केली आणि जे दिसत होतं ते सांगायला सुरुवात केली. "आता तार ओढून घेतली. आता जोड मारतोय. जरा दम खाल्ला. हां, झालं वाटतं. पक्कड कमरेला लावली. आता एक पाय खाली. दुसरा पाय. हळूहळू येतोय. घाई करत नाय, हुशार हाय." असं जवळजवळ पाव तास. त्या माणसाचे पाय जमिनीला लागले तेव्हा त्यांनी फोन त्याच्या हातात दिला आणि ते बाजूला झाले. त्याला पहिल्याच वाक्याला बोलणी बसली, ती मलाही ऐकू आली.

काका आमच्या फाटकाजवळच्या कठड्यावर येऊन बसले. पार भिजले होते.

"आमची ही पन अशीच भांडायची," ते म्हणाले. "वारापानी असला आनि मी घरी गेलो, का दारातच सुरू. ताट आदळायची. मी म्हनायचो, दमून आलोय आनि ही कटकट करते. मी पन ओरडायचो. कदी तर न जेवता तसाच बाहेर जायचो." थोडा वेळ त्यांनी चष्मा पुसला. ओल्याच सदऱ्याने, त्यामुळे तो आणखी ओला झाला. "ती घाबरलेली असायची वो. तीस वर्सं मला कळलंच नाय. आज त्या बाईचं ऐकलं तवा कळलं. आता कोनाला सांगू?"

माझा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला, त्यात हे ऐकलं, आणि मी त्यांच्यावर ओरडायलाच लागले. "या वयात वाऱ्यात उभं राहायची काही गरज होती? खुर्ची मागता येत नव्हती? छत्री हातात असून उघडली का नाही? न्युमोनिया झाला तर कोण बघणार आहे? चला वर आधी. टॉवेल देते, गरम भात आहे, आणि ताटात काही टाकलंत तर याद राखा."

बोलता बोलता माझा आवाज फाटला. काकांनी माझ्याकडे बघितलं, उठले, आणि खाली मान घालून माझ्या मागून जिना चढायला लागले.