बर्बन-कोला : साहित्य, कृती आणि सासरे

जी गोष्ट दोन मिनिटांत होते तिला पद्धत नसेल, तर ती खरोखरच दोन मिनिटांत होऊन जाते आणि मग माणसाला दुसऱ्या, अवघड गोष्टीकडे वळावं लागतं. पद्धतीचा शोध याच संकटातून लागला असावा.

घरच्या घरी बर्बन-कोला हायबॉल बनवणं ही अशीच दोन मिनिटांची गोष्ट. बर्बन म्हणजे मक्याची, जळक्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. हायबॉल म्हणजे ती उंच ग्लासात ओतायची आणि वर कोला. संपलं. आमच्या घरात मात्र हे इतक्यावर संपलं नाही. त्याची हकीकत सर्वांच्या उपयोगासाठी खाली देत आहे.

साहित्य (मूळ)

उंच ग्लास, एक.
बर्फ, ग्लास भरेल इतका.
बर्बन, एक भाग.
कोला, तीन भाग. थंड आणि नुकता उघडलेला.
सासरे, एक. (गाडी चालवणारे. न चालवणारे घेतल्यास कृती बिघडत नाही, फक्त तिची गरज उरत नाही.)

सासऱ्यांविषयी टिपण

आमचे सासरे ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून, घाम पुसत, क्लच सोडायला शिकली. म्हणून त्यांना सगळे सर म्हणतात. मीही त्यांचाच विद्यार्थी. दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा पास झालो तेव्हा "पास झालास म्हणजे येतं असं नाही" असं म्हणून त्यांनी लायसन्स हातात दिलं. पुढे मुलगीही साधारण याच शब्दांत दिली.

गेल्या उन्हाळ्यापासून सरांना कमी दिसतं. हे त्यांनी आम्हांला सांगितलेलं नाही. आधी फाटकाच्या खांबाने सांगितलं, मग बेकरीबाहेरच्या बाकाने. (सरांचं निवेदन : "बाक पुढे सरकवलाय त्यांनी.") एकदा त्यांनी काच खाली करून पोस्टाच्या पेटीला हात केला आणि घरी येऊन म्हणाले, "हल्ली माणसं ओळख देत नाहीत."

इथवर आम्ही हसलो.

मग समोरच्या घरातल्या मुलीची सायकल त्यांच्या गाडीखाली आली. मुलगी सायकल उभी करून बुटाची नाडी बांधायला दोन हात बाजूला बसली होती, म्हणून फक्त सायकल आली. सर उतरले, चेपलेल्या चाकाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ही काय जागा आहे सायकल लावायची?" आवाज नेहमीचाच होता. हात मात्र त्यांनी बराच वेळ खिशातून बाहेर काढले नाहीत.

बैठक

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात तातडीची बैठक झाली. उपस्थित : बायको आणि मी. फोनवरून उपस्थित : मेहुणा, म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात प्राध्यापक.

"कोणीतरी बाबांना सांगायलाच हवं," मेहुणा ठामपणे म्हणाला. तो फोनवर फार ठाम असतो.

"मग तू सांग," बायको म्हणाली.

"हे फोनवर सांगायचं असतं का? समोरासमोर बसून सांगायचं असतं."

"मग ये."

"परीक्षा चालू आहेत गं."

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग. तुझं ऐकतात ते."

"कधी ऐकलं?"

"तू आजवर त्यांना काही सांगितलंयस का? मग न ऐकायची वेळ कुठे आली?"

ठराव एकमताने मंजूर झाला. वाक्यही ठरलं, पाच शब्दांचं : बाबा, आता गाडी चालवू नका. मी ते न्हाणीघरात आरशासमोर म्हणून पाहिलं. पण आरशात एकदाच बघायचं आणि नजर पुढे ठेवायची, असं मला सरांनीच शिकवलेलं असल्यामुळे सराव अपुरा राहिला.

बाहेरच्या खोलीत सर उठत होते. हातात चाव्या वाजत होत्या.

"जरा एक चक्कर मारून येतो."

मी तोंड उघडलं. त्यातून बाहेर पडलं ते असं : "बाबा, एक बर्बन-कोला घेणार का?"

सर थांबले. सरांचा एक नियम आहे. एक घोट पोटात गेला, की पुढचे पाच तास स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हा नियम त्यांनी शहराला शिकवला आणि स्वतः कधी मोडला नाही. त्यांनी चाव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चाव्यांकडे पाहिलं.

"घेतो," म्हणाले, आणि चाव्या खिळ्याला अडकवल्या.

अशा रीतीने पाच शब्दांच्या जागी एक ग्लास ही पर्यायी व्यवस्था अमलात आली. हिचे फायदे उघड आहेत. कोणी दुखावत नाही. कोणी म्हातारं ठरत नाही. शिवाय सासरे-जावयाने संध्याकाळी एकत्र बसावं हे दृश्य बघून दोन शेजाऱ्यांनी आपापल्या जावयांना आमचं उदाहरण दिलं.

कृती (पहिली आवृत्ती)

१. बर्फ आधी, काठोकाठ. भरपूर बर्फ हळू वितळतो, थोडा लवकर. (लोकांना उलट वाटतं आणि ते कंजूषपणा करतात.)

२. बर्बन बर्फावरून सोडावी.

३. ग्लास तिरका धरून कोला कडेकडेने ओतावा. बुडबुडे गेले की सगळं गेलं.

४. चमचा एकदाच, तळातून वर. जास्त ढवळणाऱ्याच्या मनात दुसरंच काहीतरी असतं.

५. मूळ विषय काढावा. (हे कलम तूर्त स्थगित.)

व्याप्ती

व्यवस्था चांगली असली की ती वाढते. सर आधी फक्त संध्याकाळी चक्कर मारत. मग दुपारी जेवण झाल्यावर म्हणू लागले, "पेट्रोल भरून येतो." दुपारचा ग्लास सुरू करावा लागला. मग सकाळी आठ वाजता : "ब्रेड संपलाय वाटतं. आणतो."

ब्रेड होता. तो मी टोस्ट करून बर्बन-कोलासोबत दिला.

पहिल्या दोन महिन्यांचे निष्कर्ष समाधानकारक आहेत. फाटकाला नवा ओरखडा नाही. परिसरातल्या सायकली शंभर टक्के सुखरूप. (सर सकाळी अकरालाच खुर्चीत घोरत असत, पण तो वेगळ्या खात्याचा विषय.)

सुट्टी लागल्यावर मेहुणा आला. फाटकातूनच मला म्हणाला, "तुम्ही दोघांनी पोरखेळ करून ठेवलाय. मी आज सोक्षमोक्ष लावतो." तो सरांसमोर खुर्ची ओढून बसला आणि वर्गात खाकरतो तसा खाकरला.

"बाबा, मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचंय."

"बोल की," सर म्हणाले आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला.

मेहुण्याने ग्लासात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बर्फ संपलाय तुमचा," तो म्हणाला आणि आत गेला. स्वयंपाकघरात तो कितीतरी वेळ बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटत होता. रात्रीच्या गाडीने परत जाताना बहिणीला म्हणाला, "मी सूतोवाच केलंय. पुढचं तुम्ही बघा."

वैद्यकीय अभिप्राय

सरांचे पाय सुजले, तेव्हा बायको त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले आणि सरांना बाहेर बसायला सांगितलं.

"दारू घेतात?"

"औषधापुरती," बायको म्हणाली.

"म्हणजे किती?"

"औषधासारखीच. दिवसातून तीनदा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजपासून बंद. गाडी वगैरे चालवत नाहीत ना?"

"नाही. घेतल्यावर अजिबात नाही."

"निदान तेवढं तरी बरं आहे."

दुरुस्ती पहिली : बर्बन वगळणे

सबब त्या संध्याकाळपासून बर्फ आणि नुसता कोला. सरांना सांगितलं नाही, कारण सांगणं ही आमच्याकडे रूढ पद्धत नाही. सरांनी घोट घेतला. जिभेवर घोळवला. दाराआड बायकोने माझा दंड घट्ट धरला.

"आज कडक झालीय," सर म्हणाले, आणि चाव्या खिळ्याला अडकवल्या.

दुरुस्ती दुसरी : कोला वगळणे

पुढच्या रिपोर्टात साखर निघाली. आता बर्फ आणि पाणी. रंगासाठी काही घालावं का यावर चर्चा झाली. पण त्यासाठी सरांना रंग दिसतो की नाही हे विचारावं लागलं असतं. पाणीच दिलं.

"हात बसलाय तुझा," सर म्हणाले.

दुरुस्ती तिसरी : बर्फ

फ्रिज बिघडला.

दुरुस्ती चौथी

मग एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. सर चाव्या घेऊन दारात उभे. "ब्रेड आणतो," म्हणाले. आत काही नव्हतं, पण पद्धत मोडणं मला पटेना. मी रिकामा ग्लास घेऊन गेलो आणि पुढे धरला.

सरांचा हात एकदा ग्लासाच्या अलीकडून गेला. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला, मान मागे टाकली, संपवला आणि मिशी पुसली.

"चढली," म्हणाले.

ते खुर्चीत बसले. चढलेला माणूस खरं बोलतो असं म्हणतात, आणि सर नियमांचे पक्के आहेत.

"जावईबापू," ते म्हणाले, "ती सायकल मला दिसलीच नव्हती. पोरगीही दिसली नव्हती. मी उतरलो तेव्हा आधी वाटलं, तीच आहे खाली."

बाहेर रस्त्यावरून तीच मुलगी घंटी वाजवत गेली. (चाक नवीन बसवलंय.) घंटी ऐकू यायची थांबेपर्यंत सरांनी मान तिकडेच ठेवली. मग त्यांनी चाव्या रिकाम्या ग्लासात टाकल्या आणि ग्लास माझ्यापुढे धरला. आवाज हुबेहूब बर्फाचा आला.

पाच शब्दांचं वाक्य आता लागतही नव्हतं. त्यांनी ते स्वतःच म्हणून टाकलं होतं. मला फक्त ग्लास घेऊन त्यांच्याजवळ बसायचं होतं आणि दोन शब्द बोलायचे होते, कोणतेही. दाराआडून बायकोने डोळ्यांनी खुणावलं : बोल.

मी ग्लास घेतला.

"अजून एक बनवू, बाबा?"

सरांनी मान माझ्या दिशेने वळवली, थोडी डावीकडे चुकवून.

"बनव," म्हणाले. "तुला क्लच अजून सोडता येत नाही."

कृती (अंतिम)

ग्लासभर बर्फ, एक भाग बर्बन, तीन भाग कोला, चमचा एकदाच फिरवायचा. एवढंच आहे. हे सगळं वर पहिल्या आवृत्तीतच येऊन गेलं होतं, आणि ज्याला खरोखर प्यायचं होतं तो वाचक तेव्हाच उठून फ्रिजकडे गेला असणार.

आपण शेवटपर्यंत बसून राहिलात. बाहेरच्या खोलीत आपली वाट कोण पाहतंय आणि त्यांच्या हातात काय वाजतंय, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.