घड्याळाखाली, रविवारी चारला

पाटणकर काकांच्या टीव्हीवर दिवसभर रशियातला एक चौक चालू असतो. क्रिकेट नाही, बातम्या नाहीत. व्होल्गाकाठच्या त्या शहरात कुणीतरी कॅमेरा लावून ठेवलाय, आणि काका इथे अमेरिकेत, पार्सिपनीत तो चौक बघत बसतात. तिकडे बर्फ पडला की इकडे हीटर चालू असतानाही एक जुनापुराणा ओव्हरकोट चढवतात. तिकडे पाऊस असला की छत्री मांडीवर घेतात.

"चौक संपला की पोहे खायला या," काकू स्वयंपाकघरातून सांगतात. चौक संपत नाही. पोहे गार होतात.

मी समोरच राहतो. त्यांचं वायफाय बंद पडलं की मला फोन येतो, "अरे, चौक गेला!" मी जाऊन राउटर रीस्टार्ट करतो आणि त्या बदल्यात मला चौकाचा इतिहास ऐकवला जातो. काका काठीनं टीव्हीवरच दाखवतात.

"हे कारंजं दिसतंय ना, ते कालचं पोर. आधी इथे चर्च होतं. ते पाडून पुतळा आला. पुतळा हलवून घड्याळाचा मनोरा. तो काढून हे नळकांडं!"

आज उभी असलेली कुठलीच खूण काकांना मान्य नाही. मी समोर राहायला येण्यापूर्वी मला पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा "व्हिडिओच्या दुकानापाशी लेफ्ट घे" म्हणाले. ते दुकान केव्हाच बंद झालेलं. मी तासभर गाडी फिरवत होतो.

"काका, सरळ ॲड्रेस द्या ना, जीपीएस आहे."

"त्याला फक्त आज काय आहे तेवढंच कळतं."

गेल्या रविवारी सकाळी मी वैतागून विचारलंच, "एवढं काय बघता हो त्या चौकात?"

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्याला आवाज नव्हताच.

काका तरुणपणी तिथे इंजिनिअरिंग शिकले. मीशा त्यांचा रूममेट. पहिल्या हिवाळ्यात त्यानं स्वतःचा ओव्हरकोट काकांना दिला आणि आपण दोन स्वेटरांवर भागवलं. निरोप घेताना ठरलं, पुन्हा भेटायचं ते घड्याळाखाली, रविवारी चारला. पुढे देश बदलला, हॉस्टेल पाडलं, काकांची पत्रं परत आली.

"तो येईल रे. पण घड्याळच काढलं लेकाच्यांनी. आता त्यानं उभं कुठे राहायचं?"

मला एकदम वाईट वाटलं. इतके दिवस मी त्या कोटाला हसत होतो.

आपले सकाळचे आठ, म्हणजे तिकडचे चार वाजत होते. चौकात एक म्हातारा आला. कारंज्याच्या कठड्यापाशी थांबला आणि मान वर करून बघू लागला. वर काहीच नव्हतं. मग त्यानं मनगटाकडे पाहिलं. चित्र इतकं अंधुक की तो मीशा होता की आणखी कुणी, देव जाणे.

काका उठले. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"मीशा, थांब," ते टीव्हीला म्हणाले. "आलोच."

म्हातारा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. काका उभेच होते. काकूंनीही पोह्यांसाठी हाक मारली नाही.

"काका, तिकिटं बघू?" मी विचारलं.

"बघ," काका म्हणाले. "रविवारी चारच्या आत पोचणारं."