आवकरावांची विचारपूस

घरातली संध्याकाळ खायला उठू लागली, म्हणून आवकरावांनी कॉलेजात नाव घातलं. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. संध्याकाळच्या वेळेत कॉलेजात दोनच पदव्युत्तर वर्ग चालत. एक मत्स्यपालनाचा आणि दुसरा ‘धोरणात्मक संवाद आणि जनसंपर्क’ या भारदस्त नावाचा. माशांचा वास आवकरावांना सोसत नसे. (माणसांचाही फारसा सोसत नसे, पण ते नंतर कळलं.)

आवकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांचा जन्म गेला. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, पोच द्यायची आणि कागद पुढे सरकवायचा. घरीही तोच खाक्या. कोणी काही सांगितलं की “हं” म्हणायचं, म्हणजे शिक्का बसला, आणि माणूस बायकोकडे सरकवायचा. ती हसून म्हणायची, “यांच्याकडे नुसती आवक आहे हो, जावक नाहीच.” इमारतीत तेच नाव पडलं. आता ती गेली होती, आणि तिनं ठेवलेलं नाव तेवढं मागे उरलं होतं.

वर्गात सगळी पोरं लेकीच्या वयाची, आणि शिकवणाऱ्या मॅडम तर तिच्याहूनही लहान. पहिल्याच महिन्यात त्यांनी प्रकल्प दिला. एखादी संस्था निवडायची आणि लोकांच्या मनात तिची प्रतिमा काय आहे ते शोधायचं. त्यासाठी प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे. नाव घेतलं की मनात काय येतं? विश्वास वाटतो का? आपल्या नात्यातल्या कोणाला सुचवाल का?

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला.

“बाबा, पुरे झालं. पुढच्या महिन्यात येते, घराला कुलूप लावू आणि तुम्ही माझ्याकडे चला.”

“माझं बरं चाललंय गं.”

“बरं? उद्या सकाळी तुमचं दार उघडलं नाही, तर बेल वाजवेल असं एक माणूस सांगा इमारतीतलं. एकच.”

आवकराव “हं” म्हणाले. पण हा कागद पुढे सरकवायला आता कोणी नव्हतं. घर सोडायचं म्हणजे बायकोची खुर्ची सोडायची, तिच्या हातची ती गॅसजवळची डब्यांची रांग सोडायची. त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही. आणि मग अचानक डोक्यात प्रकाश पडला. प्रकल्पासाठी संस्था म्हणून आपण स्वतःलाच घेतलं तर? प्रतिमा कळेल, ती सुधारता येईल, बेल वाजवणारंही कोणी मिळेल. एका दगडात दोन पक्षी! (दगड कोणाच्या कपाळात बसणार आहे, हा विचार त्यांनी केला नाही. अभ्यासक्रमात नव्हता.)

मॅडम म्हणाल्या होत्या की पहिली छाप महत्त्वाची. म्हणून आवकरावांनी शर्टाला कडक इस्त्री केली, कानामागे अत्तर लावलं आणि समोरच्या नर्सबाईंची बेल वाजवली. बाई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. एक बूट पायात, एक हातात.

“काय झालं, भाऊजी?”

“माझं नाव घेतलं की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं?”

“काय येतं म्हणजे?”

“भावना. मोकळेपणानं सांगा, मी मनाला लावून घेणार नाही. माझ्यावर विश्वास टाकावासा वाटतो का?”

नर्सबाईंनी सवयीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

“शेवटचा प्रश्न. तुमच्या नात्यातल्या एखादीला, म्हणजे कोणालाही, मला सुचवाल का?”

दार धाडकन बंद झालं. आतून आवाज आला, “वर्षसुद्धा झालं नाही हो तिला जाऊन!”

‘उत्तर देण्यास नकार’ अशी आवकरावांनी मनात नोंद केली आणि तळमजल्यावरच्या शिंपीमास्तरांकडे गेले. मास्तर मात्र गुणग्राहक निघाले. प्रश्न ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, गळ्यातली टेप काढली आणि आवकरावांचे खांदे मोजले.

“खांदे अजून चांगले आहेत. सुचवायला कशाला लाजायचं? माझी मेहुणी आहे की. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गरीब स्वभाव. बोलते मात्र जरा जास्त.”

“उत्तम! मला बोलणारीच माणसं हवी आहेत.”

“मग रविवारी बोलावू?”

“अवश्य. आणखी कोणी असतील तर त्यांनाही आणा. जितकी जास्त तितकं बरं.”

मास्तरांच्या हातून टेप गळून पडली.

रविवारी मास्तर मेहुणीला घेऊन आले. बाई अंग चोरून बसल्या होत्या. आवकरावांनी पाण्याचा पेला पुढे केला, खुर्ची ओढली आणि अभ्यासू चेहऱ्यानं विचारलं, “माझं नाव घेतलं की तुमच्या मनात काय येतं?”

बाई लाजून मान खाली घालतात न घालतात तोच दारात बॅग आपटली. लेक उभी होती. डोळे रडून सुजलेले. मागे नर्सबाई, हाताची घडी घालून. (फोन कोणी केला, हे सांगायला जनसंपर्काची पदवी लागत नाही.)

“बाबा! आईचा चष्मासुद्धा अजून टेबलावर आहे...”

आवकरावांना दरदरून घाम फुटला. संकटकाळी काय बोलावं हा धडा नेमका कालच झाला होता. त्यांनी घसा साफ केला.

“आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत. सविस्तर माहिती लवकरच देण्यात येईल.”

“आम्ही म्हणजे कोण?” लेक ओरडली. “इथे तुम्ही एकटेच आहात!”

मग आवकरावांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, सगळा कागद स्वतः वाचून दाखवला. वर्ग, प्रकल्प, तीन प्रश्न, कुलूप, बेल. ऐकता ऐकता मास्तरांनी कपाळावर हात मारला. नर्सबाई खाली पाहू लागल्या. मेहुणी हळूच उठल्या. “आधी सांगायचं ना हो,” एवढंच म्हणाल्या, “मी साडीला इस्त्री करून घेतली होती.” आणि निघाल्या. त्या बिचाऱ्या बाईंचं वाईट वाटलंच सगळ्यांना. लेक जिन्यापर्यंत सोडायला गेली.

परत आल्यावर तिनं विचारलं, “मग काय कळलं लोकांकडून?”

“मला कोणी ओळखतच नाही गं. नंतर आणखीही दारं वाजवली. माझं नाव घेतलं की जो तो तुझ्या आईबद्दल बोलतो. कोणाच्या बाळंतपणात ती होती, कोणाला तिनं डबा दिला होता. एवढा वेळ तिला मिळायचा कधी?”

“जेवणाआधी,” नर्सबाई म्हणाल्या. “तिचा नेम होता, भाऊजी. रोज कोणा एकाची विचारपूस केल्याशिवाय संध्याकाळचा घास तोंडात घालायचा नाही. ही लहानपणी तापानं फणफणली होती ना, तेव्हा हिची आई देवाला बोलली होती. पोर बरी झाली. तिनं नेम कधी मोडला नाही.”

आवकराव खुर्चीत बसले. रोज संध्याकाळी ती जिन्यात उभी असे आणि ते ताटावरून ओरडत, “भात निवतोय! पुरे त्या गप्पा!” ती येऊन निवलेला भात जेवायची. काही बोलायची नाही. देवाशी झालेलं बोलणं कोणी चारचौघांत सांगतं का? त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, सदऱ्यानं पुसला आणि होता तिथेच ठेवला.

डोळे पुसत लेक म्हणाली, “बेलचं काय पण?”

“त्याची काळजी सोड,” मास्तर म्हणाले. “या भानगडीपासून अख्ख्या इमारतीचा डोळा यांच्या दारावर आहे. कोण आलं, कोण गेलं, दूधवाला किती वेळ थांबला, सगळं माहीत असतं सगळ्यांना.”

लेकीला रडता रडता हसू फुटलं. कुलपाची गोष्ट तिनं अगदीच गुंडाळून ठेवली नाही हं. “सहा महिने बघते,” असं बजावून गेली. पण गेली.

त्याच दिवशी आवकरावांनी देवापुढे हात जोडले आणि बायकोचा नेम आपल्या अंगावर घेतला. संध्याकाळी भात गॅसवर चढवून ते मास्तरांकडे गेले. “कसं काय, बरं आहे ना?” विचारलं आणि कर्तव्य उरकून वळले.

“ओ आवकराव!” मास्तरांनी हाक मारली. “विचारलंत, मग उत्तर कोण ऐकणार? पोच देऊन कुठे निघालात?”

आवकराव शरमून बाकड्यावर टेकले. मास्तरांनी गुडघ्यापासून सुरुवात केली. गुडघ्यावरून मोतीबिंदू, मोतीबिंदूवरून दूर गेलेला मुलगा. बोलणं मुलाशी आलं तेव्हा मास्तर शिलाई मशीनचं चाक उगीचच फिरवत राहिले. आवकरावांना वर्गातलं एकही वाक्य आठवेना. ते नुसते बसून राहिले. वर भात निवत असेल, असं एकदा मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अस्सं होय गं, असं त्यांना मनातल्या मनात कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

जिना चढून वर आले तर मजल्यावर ही गर्दी! धूर, खोकला, आरडाओरडा. नर्सबाई दार बडवत होत्या, बाकीचे आळीपाळीनं बेल वाजवत होते. कोणीतरी कुलूपवाल्याला आणायला पळत सुटलं होतं. विचारपुशीचा नेम ताजा होता. आवकराव मागच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून आपुलकीनं म्हणाले,

“काय झालं हो? कोणाच्या घरी? बिचारे!”