पस्तीस तोळ्यांची बॅटरी

"ह्या बारीला गाडीत तिसरं माणूस चढलं, तर मी खाली उतरणार. आत्ताच सांगून ठेवते," असे वर्षाराणीने परातीतील पीठ मळता मळता जाहीर केले. अमरसिंहानेही, शाहूपुरीत विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याच्या धंद्यात बावीस वर्षे मुरलेल्या पुरुषास शोभेल अशा आत्मविश्वासाने, तत्काळ वचन देऊन टाकले, "तिसरं माणूस सोड, तिसरा डासबी चढणार न्हाय."

वर्षाराणीचा अविश्वास निराधार नव्हता. विवाहास एकोणीस वर्षे लोटली, कन्या मोना शिक्षणासाठी पुण्यास गेली, तरी पती-पत्नी दोघेच कोठे गेले, असे एकदाही घडले नव्हते. तीन वर्षांपूर्वी अमरसिंहाने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात दोन बाकपलंग, ओटा, फ्रीज, पंखे आणि टीव्ही बसवला, तेव्हा तिच्या आशेला पालवी फुटली होती. परंतु सदर घरगाडीच्या पोटात शिशाच्या दोन बॅटऱ्या होत्या आणि त्यांचा दम चार तासांत संपत असे. दम संपला की फ्रीज थांबे. फ्रीज थांबला की जवळच्या एखाद्या पाहुण्याच्या, म्हणजे नातेवाइकाच्या, अंगणात गाडी लावून त्याच्या घरात वायर सोडावी लागे. आता कोल्हापूर जिल्ह्यात पाहुण्याच्या दारी जाऊन नुसती वीज घेऊन परतणे आजवर कोणास साधले आहे? वायर आत जाते न जाते तोच चुलीवर मटण चढे, मुक्काम पडे आणि सकाळी त्या घरातील दोन माणसे "आमीबी येतो की!" म्हणत गाडीत जागा धरून बसलेली आढळत. एकदा तर पन्हाळ्यास निघालेली गाडी अशाच रीतीने हातकणंगल्यास पोहोचून नऊ माणसांसह परत आली होती.

तेव्हा सर्व अनर्थाचे मूळ शिसे आहे, असा अमरसिंहाचा सिद्धांत झाला. शिसे काढून लिथियम घालावे. वजन निम्म्याहून कमी, दम तिप्पट. त्यात छतावरचे सौर पॅनेल दिवसभर भर घालणार. मग पाहुण्याच्या अंगणाची गरजच काय?

"तयार घ्या की मग," वर्षाराणी म्हणाली.

"तयार? अगं, मी पंचवीस हॉर्सपॉवरची मोटार डोळं झाकून बांधतो. आठ सेल एका रांगंत जोडायचं, ह्यात तयार काय घ्यायचं?"

सेल आले. त्यांच्यावर पहारा ठेवणारा सर्किट बोर्डही आला. फक्त सेलास सेल जोडण्याच्या ज्या सात पट्ट्या सोबत आल्या, त्या पापडासारख्या पातळ निघाल्या. तांब्याच्या जाड पट्ट्या बाजारातून आणणे हे अर्ध्या तासाचे काम होते. तथापि त्या अर्ध्या तासात वर्षाराणीने माहेरी हुपरीस फोन केला आणि बोलण्याच्या ओघात पट्ट्यांचा विषय निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिचे वडील आण्णा दारात हजर. हुपरीत चांदीचे पैंजण घडवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले.

"जावईबापू, मी ऐकलं ते खरं काय? तांब्याच्या पट्ट्या?"

"व्हय आण्णा. बॅटरीला तांबंच वापरत्यात."

"बाकीची वापरत्यात ओ! पर तुमी हुपरीचं जावई हाय. उद्या पावणं गाडी बघाय आलं, आत तांबं दिसलं, तर मी तोंड कुठं लपवायचं?"

या ठिकाणी अमरसिंहाने मौन पाळले असते, तर ही कथा घडलीच नसती. परंतु ज्ञान हे पोटात मावत नाही. तो म्हणाला, "तसं शास्त्र बघाय गेलं, तर तांब्यापेक्षा चांदीतनं वीज जास्त चांगली पळती."

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मग संपलं की! शास्त्रच म्हणतंय तर तुमी-मी कोण?"

आठ दिवसांनी सात पट्ट्या आल्या. शुद्ध चांदी, वजन पस्तीस तोळे. ज्या हाताने चाळीस वर्षे पैंजण घडवले, त्याला कोरी पट्टी सोसणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक पट्टीवर वेलबुट्टी, कडेने बारीक रव्यांची ओळ आणि शेवटच्या पट्टीला पाच घुंगरू.

"आण्णा, घुंगरू कशाला?"

"गाडी चालल्यावर आवाज गोड येईल की."

"आवाज न्हवं, जाळ येईल! एखादं सुटून दोन टोकांच्या मधी पडलं, तर वेल्डिंगच हुईल आत."

आण्णांनी मोठ्या मनाने घुंगरू काढून दिले. अमरसिंहाने पट्ट्यांची खालची बाजू कानशीने सपाट केली, वरची नक्षी राखली आणि नट आवळले. बटण दाबताच फ्रीज, दोन्ही पंखे, टीव्ही आणि मिक्सर एकदम सुरू झाले आणि सायंकाळपर्यंत सुरूच राहिले. अमरसिंहाची छाती दोन इंच फुगली. मालवणच्या अलीकडे तोंडवळीचा किनारा, सुरूच्या झाडांखाली तीन दिवस मुक्काम, फक्त दोघेच, असा बेत पक्का झाला.

शुक्रवारी सकाळी गाडीपुढे नारळ फोडताना रिक्षा थांबली. आण्णा उतरले. हातात पिशवी.

"जावईबापू, चांदीचा भाव काय झालाय, वाचलं का? पस्तीस तोळं घिऊन तुमी समुद्राला चाललाय. तुमी दोघं पाण्यात उतरला, तर मागं गाडीत कोण?"

"आण्णा, बॅटरी कोण चोरतंय!"

"बॅटरी न्हवं ओ, चांदी हाय ती! तुमी खुशाल फिरा. मी गाडीतच बसतो, हलणार न्हाय."

तोच रिक्षाच्या दुसऱ्या बाजूने सासूबाई धोंडुबाई भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन उतरल्या. "ह्यास्नी साखर हाय. गोळ्या टायमावर मी न्हाय दिल्या, तर कोण देणार? चला, लवकर बसा. ऊन व्हायच्या आत घाट उतरू."

वर्षाराणीची अवस्था शब्दांत मांडणे कठीण आहे. तिसरे माणूस चढले तर उतरेन, अशी तिची प्रतिज्ञा. आणि आता तिसरे माणूस म्हणजे जन्मदाता पिता व चौथी जन्मदात्री माता! तिने नवऱ्याकडे असे पाहिले, की रिवाइंडिंगच्या बावीस वर्षांत एवढा करंट त्याने अनुभवला नव्हता.

"शास्त्र कुणी सांगितलं हुतं?" एवढेच ती दातांतून म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

तरीही अमरसिंहाचा धीर खचला नाही. हत्यारांच्या पिशवीत त्याने तांब्याच्या सात पट्ट्या आणूनच ठेवल्या होत्या. वाटेत चहाला थांबायचे, वीस मिनिटांत तांबे बसवायचे, चांदी आण्णांच्या हातात द्यायची आणि दोघांना कोल्हापूरच्या एसटीत सन्मानाने बसवून द्यायचे. योजना निर्दोष होती. अडचण इतकीच, की बॅटरी डावीकडच्या बाकपलंगाखाली होती आणि त्या बाकपलंगावर आण्णा मांडी घालून बसले होते.

फोंडा घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली. "आण्णा, उतरा. च्या घिऊया."

"हितंच आणा."

"पाय मोकळं करा की जरा."

"चांदी सोडून पाय मोकळं करू? चाळीस वर्सांत केलं न्हाय."

अमरसिंहाने अखेरचा उपाय म्हणून खरे ते सांगितले. तांबे बसवतो, चांदी घेऊन जावे. आण्णांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमची चांदी कमी पडली म्हणा. शास्त्र काल एक आन् आज एक?"

धोंडुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हत्यारांची पिशवी पुन्हा बंद झाली.

दुपारी चारला गाडी सुरूच्या बनात उभी राहिली. समोर लखलखता समुद्र, पांढरी वाळू आणि मनुष्याचा मागमूस नाही. गाडीत मात्र दोनच पलंग. डावा चांदीच्या रक्षणात गुंतलेला, उजव्यावर धोंडुबाई. आण्णांनी टीव्ही लावला, दोन्ही पंखे आपल्याकडे वळवून घेतले, फ्रीजमधील ताकाचा तांब्या जवळ ओढला आणि सांगितले, "आमची काळजी करू नगा. ती तंबू-चटई काय हाय ती बाहीर टाका तुमास्नी."

तेव्हा अमरसिंह व वर्षाराणी भडंगाची पिशवी आणि चटई घेऊन पाण्याच्या दिशेने निघाले. शंभर पावलांवर चटई अंथरली. वर्षाराणीने भडंग घेतले नाही. लाटा येत होत्या, जात होत्या. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "आई अजून हाक कशी मारंना?"

"आण्णा हलत न्हाईत म्हणून सासूबाईबी हलत न्हाईत. गोळ्यांचा टाइम हाय."

"आन् आण्णा?"

"ते उठतात कशाला? पंखा हाय, टीव्ही हाय, गार ताक हाय. बॅटरी तीन दिवस संपत न्हाय, आन् वरनं ऊन भर घालतंयच."

वर्षाराणीने वळून गाडीकडे पाहिले. मग उजवीकडे पाहिले. मग डावीकडे. एकोणीस वर्षांत प्रथमच तिच्या हाताच्या अंतरावर नवऱ्याशिवाय दुसरा नातेवाईक नव्हता. तिने चप्पल काढून बाजूला ठेवली, पाय वाळूत खुपसले आणि भडंगाची अख्खी पिशवी स्वतःकडे ओढली.

इतक्यात गाडीच्या खिडकीतून आण्णांचा आवाज आला. "वर्षे! हितं काय भ्या वाटण्यासारखं न्हाय दिसत. यू का मीबी पाण्याकडं, जरा पाय भिजवाय?"

अमरसिंह चटई गुंडाळू लागला. परंतु वर्षाराणी ताडकन उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि साऱ्या सागरास ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "उठू नगा आण्णा! हितली माणसं मगाधरनं गाडीकडं लई वाईट नजरंनं बघाय लागल्यात!"

खिडकीची काच धाडकन बंद झाली.

वास्तविक त्या किनाऱ्यावर, दृष्टी पोहोचेल तिथवर, त्या दोघांखेरीज चिटपाखरूही नव्हते.