खरबुजाच्या वाफ्यावर बसलेलं गाव

"यंदा पंधरा मेच्या आत माझं खरबूज कापलं गेलं नाही, तर मला बोर्दिए म्हणू नका," असं ओनेझीम जानेवारीतच गुत्त्यात सगळ्यांसमोर बोलून बसला. बोलून झाल्यावर त्यानं कोपऱ्यातल्या वाशोकडे पाहिलं. वाशो वाइनचा घोट घेत होता, तो त्यानं तसाच शांतपणे घेतला आणि मिशी पुसली. ओनेझीमला त्या माणसाचा राग यायला एवढं पुष्कळ होतं.

पॅरिसला लागून असलेल्या वोझिरार गावच्या भाजीवाल्या माळ्यांचं एक मंडळ होतं, संत फियाक्रच्या नावाचं. मोसमातलं पहिलं पिकलेलं खरबूज जो मंडळाच्या चार वडीलधाऱ्यांसमोर ठेवेल, ते चौघं कापून, खाऊन, "पिकलंय" म्हणतील, तो ऑगस्टमधल्या जत्रेत संताचं निशाण घेऊन सर्वांत पुढे चालणार. सलग अकरा वर्षं ते निशाण सेलेस्तँ वाशोच्या हातात होतं. आणि सलग अकरा वर्षं ओनेझीम बोर्दिए त्याच्या मागे मेणबत्ती धरून, वाशोच्या कोटाची पाठ बघत चालत होता. त्या कोटाचा कुठला टाका उसवलाय हेसुद्धा त्याला पाठ झालं होतं.

यंदा मात्र चित्र पालटणार होतं. सगळी कमाल लिदेची. सकाळी गाडी भरून भाजी पॅरिसच्या बाजारात न्यायची आणि येताना तीच गाडी भरून घोड्यांची लीद आणायची, हा इथला रोजचा शिरस्ता. पण कुणाला कुठल्या तबेल्याची लीद मिळायची, ते आजोबा-पणजोबांच्या काळात ठरून गेलेलं. बोर्दिए घराण्याच्या नशिबी प्रवासी गाड्या ओढून थकलेल्या म्हाताऱ्या घोड्यांचा तबेला आला होता. त्या घोड्यांत जीव नव्हता, मग लिदेत कुठून येणार? या वर्षी मात्र एका म्हाताऱ्या माळ्यानं धंदा सोडला आणि त्याची घोडदळाच्या छावणीची लीद ओनेझीमच्या वाट्याला आली. ओट खाऊन माजलेले घोडे! त्या लिदेचा हातभर उंच वाफा रचला, वर माती पसरली आणि काठी खुपसून दुसऱ्या दिवशी उपसली, तर तिचं टोक इतकं तापलेलं की मुठीत धरवेना. दहा दिवस थांबून, पहिला जोर उतरल्यावर ओनेझीमनं साठ रोपं लावली आणि वर काचेची झाकणं घातली. बाहेर पाणी गोठत होतं आणि आत रोपं मेच्या उन्हात असल्यासारखी तरारली होती.

फक्त तीन काचा कमी पडल्या. ओनेझीमनं घरातल्या मागच्या खोलीच्या खिडकीतून त्या काढल्या आणि तिथे तेल लावलेला कागद डकवला.

"अहो, शनिवारी आई येतेय. तिला त्याच खोलीत झोपवायचंय," त्याची बायको झेली म्हणाली.

"मग? कागद लावलाय ना."

"तिचे गुडघे धरलेत. बाहेर बर्फ आहे."

"सासूबाई सत्तर वर्षं जगल्या, आणखी एक महिना काढतील. माझ्या रोपांचं वय आठवडाभर आहे," ओनेझीम म्हणाला. या वाक्याचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला.

सासूबाई, म्हणजे मादाम फिलोमेन, शनिवारी आल्या. रविवारी, सोमवारी त्यांनी थंडी काढली. मंगळवारी सकाळी ओनेझीम बाजारातून परतला आणि गाडी सोडायला म्हणून मागे गेला, तर एका वाफ्याची काच बाजूला सरकवलेली, वाफ्याच्या काठावर सासूबाई बसलेल्या, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत लिदेत, अंगावर शाल, आणि हातात विणकाम.

ओनेझीम लगाम तसाच सोडून वाफ्यापाशी धावला.

"सासूबाई, हे काय?"

"या जावईबापू. घरापेक्षा इथं बरं आहे हो. तुम्ही तो पाला लावला होता ना, तो मी नीट काढून ठेवलाय. एकही मोडला नाही."

त्यांच्या शेजारी गोणपाटावर आठ रोपं ओळीनं मांडून ठेवली होती. थंडीनं ती केव्हाच मान टाकून बसली होती.

"पाला नाही तो. खरबुजं आहेत."

"असं होय? कुठे दिसत नाहीत ती."

ओनेझीमनं घरात जाऊन असा काही आरडाओरडा केला की गाडीला जुंपलेला घोडा दचकून चार पावलं मागे सरला. झेलीनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "खिडकीची काच कुठाय?" मग असं ठरलं की सासूबाईंना एका वाफ्याचा एक कोपरा द्यायचा, तेवढाच.

खरी आफत पुढे आली. त्या रविवारी मादाम फिलोमेन काठी न घेता चर्चला गेल्या. सगळ्या गावानं पाहिलं. प्रार्थना संपल्यावर दारात बायकांनी त्यांना गराडा घातला आणि त्यांनी खरं ते सांगितलं: जावयाच्या वाफ्यात पाय घालून बसले, पाय मोकळे झाले. एवढ्यावर थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मेणबत्त्या विकणाऱ्या विधवा बाईनं डोकं चालवलं. संत फियाक्र माळ्यांचा संत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तोच मूळव्याधीचाही संत. असं का, ते कुणी विचारत नाही, पण लांबून लांबून लोक त्याच्या दगडी आसनावर बसायला जातात. तिथे जाऊन यायला दोन दिवस मोडतात. आणि इथे माळ्याचा वाफा, माळ्याचा संत, गुण आलेली म्हातारी, तीही चालत पाच मिनिटांवर!

आता वर्षभर ओल्या मातीत उकिडवं बसून काम करणाऱ्या वोझिरारमध्ये मूळव्याध नसलेला माणूस शोधून काढावा लागला असता.

सोमवारी सकाळी पाववाला आला, उशी घेऊन. "मी फक्त पाव तास बसतो," म्हणाला. त्याच्या मागून त्याची बायको. मग पिंपं दुरुस्त करणारा. बुधवारपर्यंत फाटकाबाहेर रांग लागली आणि प्रत्येकाच्या काखेत उशी. कुणीतरी वाफ्याच्या कडेला संताची मातीची मूर्ती आणून ठेवली. ओनेझीम फावडं घेऊन धावला.

"उठा सगळे. ही माझी खरबुजं आहेत, इस्पितळ नाही."

"अरे ओनेझीम, तू शपथ घेतली आहेस," पाववाला बसल्या जागेवरून म्हणाला.

ही शपथ म्हणजे मंडळात शिरताना प्रत्येक माळी घेतो ती: संताच्या नावानं जो मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. शेजाऱ्याला झारी किंवा रोपावर पालथी घालायची काचेची घंटा उसनी द्यावी, यासाठी ती केली होती. कुणाला बसायला जागा द्यावी असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण देऊ नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून ओनेझीमनं फावडं खाली ठेवलं.

त्यानं फादरना गाठलं. "फादर, हा भोळसटपणा थांबवा. तुमच्या शब्दाबाहेर कुणी नाही."

फादर ताबडतोब आले. त्यांनी रांगेला खडसावलं की संताची कृपा लिदेत शोधायची नसते, आणि मग लोकांना नीट समजावून सांगता यावं म्हणून ते वाफ्याच्या काठावर टेकले. समजावणं अर्धा तास चाललं. उठताना त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं.

"बोर्दिए, अंधश्रद्धा वाईटच," ते हळू आवाजात म्हणाले. "पण उद्याची सकाळची प्रार्थना आठला संपते. नऊला जागा असेल का?"

मंडळाचे चारही वडीलधारे येऊन गेले. ती मोठी माणसं, म्हणून त्यांना रांग नव्हती. प्रत्येक जण बसायचा म्हणजे काच उघडायची, काच उघडली की गारठा आत, आणि गारठा आत गेला की चार रोपं कामातून गेली. साठांची तीस झाली, तिसांची बारा. ओनेझीम जेवायचा नाही, झोपला तरी कण्हायचा. वाफा गार पडू नये म्हणून तो कडेनं ताजी लीद भरत राहिला. जितकी जास्त लीद, तितकी जास्त ऊब, आणि जितकी जास्त ऊब, तितकी लांब रांग.

आणि मग एका मंगळवारी वाशो आला. त्याच्या काखेत मखमली उशी होती.

"तू?" ओनेझीम म्हणाला. "माझी रोपं मोजायला आलास."

"देवाशपथ नाही. संताच्या नावानं मागतो, बसू दे. मला उभं राहवत नाही, बसवत नाही. अकरा वर्षं ते निशाण धरून मी हळूहळू चालतो ते काय ऐटीत? माझ्यानं पाऊल टाकवत नाही रे."

हे ओनेझीमला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं त्याला तो माज वाटत आला होता. क्षणभर त्याला वाशोची कीव आली, आणि मग एकदम सुचलं.

"तुझ्याकडे नाहीत का वाफे? माझ्यापेक्षा दुप्पट आहेत. त्यावर बस."

वाशोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू ओनेझीमच्या डोक्यावर परिणाम झालाय. "माझ्या खरबुजांवर?" तो म्हणाला. "काहीतरीच काय बोलतोस. तिथं कोण बसू देईल?"

ओनेझीमच्या कपाळाची शीर तडतडली. पण वाशोनं संताचं नाव घेतलं होतं. तो बसला, कोपऱ्यात, चांगला तासभर, आणि जाताना रीतसर आभार मानून गेला.

मार्च सरला, थंडी ओसरली, लोकांना गुण आला की कंटाळा आला कोण जाणे, पण रांग संपली. ओनेझीमनं वाफे पाहिले. साठ रोपांपैकी एक उरलं होतं. कोपऱ्यातलं. सासूबाईंनी घरी जाताना आपली जुनी शाल तिथेच टाकली होती आणि ते तिच्या खाली तगलं होतं.

त्या एका रोपासाठी ओनेझीमनं जीव ओतला. शेंडे खुडले, एकच फळ ठेवलं, फळाखाली कौल ठेवलं, सकाळी काच दोन बोटं उघडायची, दुपारी चार, संध्याकाळी बंद. बारा मे रोजी देठापाशी बारीक भेग पडली आणि खरबुजाचा वास फाटकापर्यंत आला. वाशोची खरबुजं अजून हिरवी होती, याची त्यानं कुंपणावरून तीनदा बघून खात्री करून घेतली. मग स्वच्छ सदरा घालून, वेताच्या टोपलीत गवतावर ठेवून ते तो मंडळाच्या खोलीत घेऊन गेला. झेली आणि आठवडाभरासाठी पुन्हा आलेल्या सासूबाई मागोमाग होत्या. अर्धं वोझिरार दारात जमलं.

खरबूज टेबलावर आलं. चौघांनी ते सर्व बाजूंनी पाहिलं, हुंगलं, माना डोलावल्या. सर्वांत वडील होते ते म्हणाले, "बोर्दिए, असं फळ मी वीस वर्षांत पाहिलं नाही." त्यांनी सुरी उचलली. आणि मग ती हातातच राहिली.

"कुठल्या वाफ्यातलं रे हे?"

"फाटकाजवळच्या."

"फाटकाजवळच्या कुठल्या बाजूचं?"

"कोपऱ्यातलं."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यातली जागा वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवलेली असायची, कारण तिथे ऊब सर्वांत जास्त.

"माझं पोट सकाळपासून बरं नाही," पहिले म्हणाले आणि सुरी दुसऱ्यांकडे सरकवली. दुसऱ्यांचे दात दुखत होते. तिसऱ्यांना डॉक्टरांनी फळं वर्ज्य केली होती. चौथे उठून खिडकीपाशी गेले. फादरकडे सर्वांनी पाहिलं. फादर म्हणाले, "माझा आज उपवास आहे." त्या दिवशी कसलाही उपवास नव्हता.

"पण तुम्हीच तर बसला होतात," ओनेझीम ओरडला. "तुम्ही सगळे."

"म्हणूनच तर," सर्वांत वडील असलेले म्हणाले, आणि नियमाची वही उघडून वाचलं, की जे फळ चाखलं गेलं नाही ते पिकलेलं धरता येत नाही. एकोणीस मे रोजी वाशोचं खरबूज कापून खाल्लं गेलं आणि बाराव्यांदा निशाण त्याच्याकडे गेलं.

पण ते पुढचं. बारा तारखेला ओनेझीम टोपली घेऊन तसाच बाहेर पायरीवर बसला. डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. "मी खातो," तो म्हणाला. "माझ्या घामाचं फळ आहे. बघा सगळे." त्यानं खिशातली सुरी काढून मोठी फोड कापली. केशरी गर, रस मनगटावरून ओघळतोय, वास असा की जिभेला पाणी सुटावं. फोड ओठांपर्यंत गेली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो मंगळवार आला, तो कोपरा, ती मखमली उशी, आणि तिच्यावर तासभर बसलेला वाशो.

त्यानं फोड खाली ठेवली.

मादाम फिलोमेन शेजारी बसल्या. त्यांनी ती फोड उचलली, खाल्ली, मग दुसरी कापून घेतली, मग तिसरी. बघता बघता सालं तेवढी उरली. त्यांनी बोटं पुसली आणि जावयाकडे मायेनं पाहिलं.

"फार गोड झालंय हो," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं त्यांनी बघावं. मी तर नुसते पाय घातले होते."