तोफखान्याच्या मुख्यास शिकवणीस धाडिले, त्याची हकीकत

श्री विघ्नहर्ता लेखणीस स्थिर ठेवो, आणि वाचणाराच्या चित्तासही. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरी, एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याची मनाई आहे, ऐसा रिवाज होता की जो मनुष्य जे काम उत्तम करी, त्यास त्या कामावरील माणसांचा मुख्य करावे आणि पुढे काही शिकवू नये, कारण पागोट्याबरोबर अक्कल येते ऐसा दरबाराचा निश्चय होता. त्या रिवाजाने रायाजी खोपडे, ज्याचा नेम कधी चुकला नव्हता, घाटावरील गडाच्या तोफखान्याचे मुख्य जाहले. मग शत्रू चालून आला, आणि रायाजी प्रत्येक गोलंदाजाच्या हातची बत्ती हिसकून स्वतःच तोफ डागू लागले, आणि एकीकडून दुसरीकडे धावू लागले, आणि सात तोफांतून एका वेळी एकच बोलू लागली, आणि गडाखालची पेठ जळाली.

मग राणीसाहेब उमाबाई खुद्द बुरुजावर आल्या आणि पुसत्या जाहल्या, "रायाजी, बाकीचे उभे का?"

"आईसाहेब, यांस काही येत नाही."

"बत्ती हाती राहील तर येईल ना, सरकार!" धोंडजी गोलंदाज बोलला. "आम्ही आपली मुख्यांची धावपळ पाहतो."

"गप रे! तोंडाचा नेम मात्र बरा आहे तुझा," रायाजी गरजले.

पावसाने शत्रू हटला. राणीसाहेबांनी आज्ञा केली की रायाजीस वृद्ध सरदार हैबतराव यांजकडे माणसे चालविणे शिकावयास धाडावे, कारण पुढल्या खेपेस गड गेला तर राज्य गेले. कारभारी विसाजीपंत म्हणाले, "त्यात काय शिकावयाचे? मोठा आवाज पुरे. त्या पैक्यात आठवी तोफ येईल."

"तर मग आठवीकडे धावावयास रायाजीस तिसरा पायही ओतून द्या, पंत," राणीसाहेब म्हणाल्या.

हैबतरावांनी रायाजीस नवशिक्यांच्या तोफेशेजारी बसविले आणि सांगितले, "तोफ फुटण्याचे भय नाही तोवर चुकू द्यावे, मग काय चुकले ते पुसावे." पहिल्याच दिवशी हात आवरता आवरता रायाजींस ताप भरला.

दसऱ्यामागून शत्रू पुन्हा आला. धोंडजीचा पहिला गोळा दरीत गेला, आणि रायाजींचा हात बत्तीकडे धावला, मग ते ओरडले, "धोंडजी, माझा शेला घे आणि माझे हात मागे बांध!"

"घट्ट?"

"मागला राग फिटेल इतके. आता सांग, काय चुकले?"

"लांब गेला. दारू जास्त झाली."

"मग?"

दारू कमी केली, आणि तिसरा गोळा शत्रूच्या तोफांत पडला, आणि मग साती तोफा एकदम बोलल्या, आणि संध्याकाळी घाट मोकळा जाहला.

पुढे राणीसाहेब माहेरी गेल्या असता विसाजीपंतांनी विजयाच्या कारणाचा शोध करून हुकूम काढिला की सर्व मुख्यांचे हात शेल्याने बांधावे, थोरांचे रेशमी. आणि हैबतरावांची शिकवण बंद करावी, शेला स्वस्त पडतो. मुदपाकखान्याच्या मुख्यास हाताखालचे आचारी घास भरवू लागले. मग रायाजी, हात बांधलेले, दरबारी आले आणि म्हणाले, "पंत, गोष्ट हातांची नव्हे, पुसण्याची आहे." परंतु त्यांनी मुजरा केला नाही, सबब अर्ज ऐकिला गेला नाही.

सारांश, त्या राज्याने शिकवणीवर खर्च एकदाच केला, त्याने गड राखिला. रेशमावर खर्च अद्याप चालू आहे. लेखनसीमा.